कॅज्युअल्टीत नऊ तास, पाचपैकी साडेतीन स्टार

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. एक तर आण्णांचा फॉलोअप अजून तिथंच चालू आहे, आणि मी जे लिहिणार आहे ते सांगली-मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीला थोड्याफार फरकानं लागू पडेल. लोक मिसळीच्या तर्रीवर दोन पानं लिहितात, कॅज्युअल्टीवर कोण लिहीत नाही. लिहिलं तर एक स्टार आणि "अत्यंत वाईट सेवा, कोणी जाऊ नका." आता छातीत दुखायला लागल्यावर माणूस कुठं जाईल, मार्केट यार्डात?

तर झालं असं. डिसेंबरातला शनिवार, रात्रीचे अकरा. आण्णा, वय ६९, शुगर पंधरा वर्षं जुनी, जेवून उठले आणि म्हणाले छातीत जळजळतंय. संध्याकाळी भडंग झालेलं, त्यावर कांदा, त्यावर दोन भजी, त्यामुळं आईनं तिथल्या तिथं निकाल लावला, पित्त. सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. वीस मिनिटांनी बघतोय तर एवढ्या थंडीत बनियन घामानं चिंब आणि तोंडावर कळा नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर नऊला शटर ओढतात. फोन लावला, उचलला नाही, आणि उचलून तरी काय सांगणार होते, कॅज्युअल्टीला न्या म्हणूनच. १०८ ला फोन करायचं डोक्यातच आलं नाही. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली, पैसे लागत नाहीत, आत डॉक्टर असतो, हे सगळं मला माहीत होतं आणि तरीपण मी शेजारच्या पोराला उठवून त्याच्या गाडीत आण्णांना मागं आडवं घातलं आणि आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्त्यात काही झालं असतं तर आम्ही तिघं मिळून नुसतं आण्णा आण्णा करत बसलो असतो. तुम्ही असं करू नका.

गेटवरचा अनुभव मात्र एक नंबर. सिक्युरिटीचे मामा शेकोटीजवळनं उठले, एकच प्रश्न विचारला, "काय होतंय?" मी म्हटलं छातीत. बास. स्ट्रेचर आलं, आण्णा आत. ना केसपेपर, ना डिपॉझिट, ना आधार कार्ड. ११:३८ ला गेटवर होतो, ११:४५ ला ईसीजीचा कागद डॉक्टरच्या हातात. छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे असा जगभरचा दंडक आहे, इथं सात मिनिटांत निघाला. पोरगेलीशी डॉक्टर होती, डोळ्यांखाली काळं, तिनं कागद बघितला, एक गोळी चावून खायला दिली, रक्त घेतलं आणि म्हणाली, "काका, ईसीजीत आत्ता मोठं काही दिसत नाही, पण शुगर आहे ना, शुगरवाल्यांचा हार्ट ॲटॅक कधीकधी असाच पित्तासारखा येतो. रक्ताची तपासणी आत्ता एक आणि तीन तासांनी परत एक. तोवर इथंच." ह्या भागाला पाच स्टार, सहा असते तर सहा दिले असते.

कागदपत्रं नंतर करायची पद्धत काही उपकार नाहीत बरं का. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, बाकीचं मागनं. पण सांगून ठेवलेलं सगळं कुठं होतंय, म्हणून इथं झालं ते लिहिलं.

आता गर्दी.

मी हळदीच्या अडतीत मुनीम आहे. माल आला की पहिल्यांदा प्रतवारी, मग बाकीचं. इथंपण तेच आहे, त्याला ट्रायाज म्हणतात. दारातच एक ब्रदर उभा, नाडी बघतो, ऑक्सिजनचं क्लिप बोटाला लावतो आणि हातात पट्टी बांधतो, लाल, पिवळी किंवा हिरवी. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबलं तर चालेल, हिरवी म्हणजे बाकावर बसा. अडचण एवढीच की ही पद्धत कुणी पब्लिकला सांगत नाही. बोर्ड आहे, पण तो पाण्याच्या फिल्टरच्या मागं, अर्धा झाकलेला. त्यामुळं बाकावरच्या माणसाला वाटतं मी दहाला आलो, हा बारा वाजता आला आणि माझ्या आधी आत गेला, वशिला लावला ह्यानं. त्या रात्री ह्यावरनं दोन वेळा आवाज चढले. एक वेळा तर एकजण थेट डॉक्टरच्या टेबलावर हात आपटून आला. भिंतीवर २०१० च्या कायद्याचं पोस्टर आहे, डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. त्याच पोस्टरला टेकून तो ओरडत होता. धमकीचं पोस्टर एवढं ठळक लावलंय, त्याच्या शेजारी तीन रंगांचा अर्थ लावला असता तर निम्मी भांडणं झालीच नसती असं माझं मत. इथं एक स्टार कापला.

खाटा बारा. मी मोजल्या, दुसरं काम काय होतं. पेशंट एकोणीस. चार जण पॅसेजमधल्या स्ट्रेचरवर, एकजण व्हीलचेअरवर झोपलेला, आणि दोघांचं सलाईन खिडकीच्या गजाला लटकवलेलं. ह्यात नातेवाईक धरलेले नाहीत. ते धरले तर गणपतीची मिरवणूक. आपल्याकडं एक पेशंट आला की मागनं अख्खी क्रूझर येते, त्यात दोघं कामाचे, बाकीचे "आता काय म्हणालेत?" विचारायला. मीपण त्यातलाच, आम्ही तिघं होतो आणि नियम एकाचा आहे.

आणि भाषा किती! मिरज हे आधीपासनंच दवाखान्यांचं गाव, वॉन्लेस डॉक्टरनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं कर्नाटकातली माणसं रेल्वेनं इकडं येतात. पुढं १९६२ ला मेडिकल कॉलेज झालं. त्यामुळं अथणी, चिकोडी, जमखंडीकडची माणसं अजूनही पहिल्यांदा मिरजच गाठतात. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी फक्त कानडी बोलत होत्या आणि सिस्टर त्यांना कानडीत "नोवू एल्ली?" विचारत होत्या. एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा स्टार वाढवून दिला.

पहिले दोन तास मी मनातल्या मनात शिव्याच घातल्या. कारण बाकावर बघितलं तर माणसं कशासाठी आलीत? एका पोरीचा कान दुखतोय. एका बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. एकाला आठ दिवस खोकला. एकाला नुसती झोप येत नाही. मला वाटलं ह्या लोकांमुळं गर्दी आहे, ह्यांना हाकला, माझ्या बापाकडं बघा. शेजारचा पोरगापण तेच म्हणाला, "ह्यांना दिवसा काय होतंय यायला?"

मग चहा प्यायला बाहेर गेलो तर कानवालीची आई तिथंच टपरीवर. कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, दुसरी पाळी, रात्री अकराला सुटते. पोरगी संध्याकाळी सहापासनं रडत होती, आजीनं लसूण तेल घातलं, थांबली नाही. ओपीडी सकाळी नऊ ते एक. उद्या रविवार म्हणजे ओपीडी बंद. सोमवारी नेली तर खाडा, आणि तिथला रांगेचा हिशेब धरला तर पाळीला उशीर. "मग कवा आणू सांगा दादा?" आता काय सांगणार. तिच्या हिशेबात रात्री बारा हीच ओपीडीची वेळ होती.

बाबांचं वेगळंच. ते जत भागातले. गावातल्या दवाखान्यातनं तालुक्याला, तालुक्यातनं इथं, प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी, "पुढील उपचारासाठी रेफर". गोळ्या चार दिवस नव्हत्या, चक्कर आली, बीपी एवढं चढलेलं की तालुक्याच्या डॉक्टरनं जबाबदारी घेतली नाही. बाबा स्वतःहून आले नव्हते, त्यांना पाठवलं होतं. आणि खोकलेवाला? गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ काम करतो, दिवसा दम निघतो पण रात्री आडवं पडलं की श्वास अडकतो. आपल्याला बाकावर बघून किरकोळ वाटतं, आणि किरकोळ आहे की नाही हे डॉक्टरनं बघितल्याशिवाय कळत नाही. आमचंपण पित्तच होतं की साडेअकरापर्यंत.

खरी लाल पट्टीवाली दोन माणसं एकच्या सुमाराला लागोपाठ आली आणि मग डॉक्टर तासभर कुणालाच दिसली नाही. पहिला ऊसतोडीचा, बीडकडचा, वाळव्याच्या बाजूला फडात मुक्कामाला होता, खोपीतनं बाहेर पडला आणि पायाला सापानं धरलं. बायको कडेवर लेकरू घेऊन, मुकादम मागं. साप कुठला कुणी बघितलेला नाही. मला वाटलं साप माहीत नाही म्हणजे औषध कसं देणार, तर तसं नसतं. आपल्याकडचं इंजेक्शन चारही विषारी सापांवर एकच चालतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. विष रक्तात भिनलंय का ते बघायला सिस्टरनी कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती नळी टेबलावर हलवायची नाही म्हणून ठेवली, बरोबर वीस मिनिटं. नंतर तिरकी करून बघितली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. लगेच इंजेक्शनच्या बाटल्या फुटायला लागल्या, मी दहापर्यंत मोजल्या. एवढ्या अत्याधुनिक मशिनी असताना निकाल दिला एका काचेच्या नळीनं, हे मला फार भारी वाटलं.

दुसरा, मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागनं धडकलेली. हंगामात हे दरवर्षीचं. ट्रॉली रस्त्याकडंला उभी, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, वर ऊस चार फूट बाहेर आलेला. त्याला घेऊन आलेला पोरगा ओळखीचा नव्हता, रस्त्यानं जाणारा. तो सारखा दाराकडं बघत होता, पोलीस येतील म्हणून. ब्रदर त्याला म्हणाला, नाव सांगायचं नसेल तर नको सांगू, कुणी अडवणार नाही तुला. आणि खरंच आहे ते, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि २०१९ ला मोटार वाहन कायद्यातपण आलं. पोरगा तरी थांबला, पेशंटचे घरचे येईपर्यंत. शर्टाला रक्त तसंच.

ह्या सगळ्यात आण्णा चार नंबरच्या खाटेवर आणि मी त्यांच्या पायाशी, फोन चार्जिंगला लावून गर्दीबद्दलच वाचत बसलो. कॅनडात ओंटारिओ राज्यात ह्याचा अभ्यास झालेला आहे, २००७ साली छापून आला. आठ तासांत साधे किरकोळ दहा पेशंट जादा आले तर बाकीच्यांचा कॅज्युअल्टीतला वेळ किती वाढतो? सरासरी साडेपाच मिनिटंसुद्धा नाही. आणि डॉक्टर भेटायला लागणारा वेळ दोन मिनिटांच्या आसपास. मी परत वाचलं. म्हणजे कानवाली पोरगी घरी राहिली असती तरी मला फरक पडला नसता. कारण तिला खाट लागतच नाही, बाकावर तपासतात, थेंब लिहून देतात, ती गेली. मग अडलंय कुठं?

दोनच्या पुढं जरा शांत झाल्यावर सिस्टरनाच विचारलं. त्या हसल्या आणि बोटं मोजून दाखवली. बारा खाटांतल्या सात खाटांवरची माणसं कॅज्युअल्टीची नाहीतच. त्यांना बघून झालंय, ॲडमिट करायचं ठरलंय, फाईल तयार आहे, पण वर वॉर्डात नाहीतर आयसीयूत खाट रिकामी नाही म्हणून खालीच. एकजण तर आदल्या दुपारपासनं. आणि त्यांचं सलाईन, इंजेक्शन, लघवीचं भांडं, सगळं ह्याच दोन सिस्टर करणार, वर नवीन येणारेपण ह्यांनीच बघायचे. म्हणजे अख्ख्या कॅज्युअल्टीचा धंदा पाच खाटांवर चाललाय. आमच्या अडतीत गोडाऊन भरलं की माल गाडीतच राहतो, गाडी खाली होत नाही म्हणून मागच्या दहा गाड्या रस्त्यावर, आणि रस्त्यावरचा ट्रॅफिक पोलीस म्हणतो तुम्ही एवढ्या गाड्या बोलावताच कशाला. तोच प्रकार. गर्दी दारात दिसते, तुंबलेलं असतं वरच्या मजल्यावर.

साडेतीनला आण्णांचा दुसरा रिपोर्ट आला. पहिला नॉर्मल होता, हा वाढलेला. डॉक्टरनी हृदयवाल्या डॉक्टरांना फोन केला, पोटात इंजेक्शन दिलं, म्हणाल्या छोटा ॲटॅक आहे, ॲडमिट करावं लागेल. मी म्हटलं कुठं? त्या म्हणाल्या, खाट मिळेपर्यंत इथंच.

म्हणजे सातचे आठ झाले. आठवे आम्ही.

त्यानंतर पाच तास आण्णांनी ती खाट अडवली आणि मी बाकावरच्या लोकांच्या नजरा चुकवत बसलो, कारण त्यांच्या नजरेत मीच आता वशिल्याचा. बीपी दर तासाला बघतो म्हणाल्या होत्या, पाचचं राहिलं, मी जाऊन सांगितलं तेव्हा घेतलं. ह्याला तक्रार म्हणायची का मला कळत नाही. त्या वेळेला एक सिस्टर अपघातवाल्याला सीटी स्कॅनला घेऊन गेलेल्या आणि दुसऱ्या सिस्टर साप चावलेल्याजवळ उभ्या. तक्रार असेल तर रात्रपाळीला दोनच सिस्टर लावणाऱ्यावर आहे. आणखी एक स्टार तिथं गेला.

सकाळी पावणेनऊला वर खाट मिळाली. एवढ्या सकाळी डिस्चार्ज तर होत नसतो, मग रिकामी कशी झाली हे मी लिफ्टवाल्याला विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, मीपण परत विचारलं नाही.

ह्याच्यापुढचा भाग कॅज्युअल्टीच्या रिव्ह्यूत बसत नाही असं वाटेल, पण बसतो. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, पाचव्या दिवशी राऊंडला डॉक्टर आले, दहा वाजता, म्हणाले घरी जावा. आम्ही दहालाच कपडे घालून तयार. बाहेर पडलो दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. आधी डिस्चार्ज कार्ड टाईप व्हायचं होतं, मग उरलेली औषधं फार्मसीला परत, मग बिल, मग मेडिक्लेम. विमा कंपनीनं डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत दिली पाहिजे असा २०२४ पासनं नियम आहे, आणि त्यांनी तो पाळला की, बिल त्यांना दीडला गेलं, मंजुरी सव्वाचारला आली. त्याआधीचे साडेतीन तास फाईल ह्याच बिल्डिंगमध्ये ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत होती. तेवढा वेळ आण्णा खाटेवर बसून पेपर वाचत होते, बरे झालेले, बूट घातलेले, आणि मला सारखं वाटत होतं की खाली चार नंबरच्या खाटेवर आता कोण असेल आणि त्याच्या पोराला काय सांगितलं असेल. डिस्चार्ज जर सकाळी अकराच्या आत बाहेर काढले ना, तर संध्याकाळपासनं येणाऱ्या गर्दीला खाटा तयार मिळतील, एक वीट न रचता. आदल्या दिवशी संध्याकाळीच माहीत असतं कोण जाणार आहे, कार्ड तेव्हाच टाईप करा. मी हे बिलिंगच्या मॅडमना बोललो, त्या म्हणाल्या सूचना पेटीत टाका. पेटीला कुलूप आहे आणि वर फुलदाणी ठेवलीय. टाकली तरी. पाचवरनं साडेतीनवर यायला उरलेला हिशेब जुळत नसेल तर फुलदाणीकडं जमा धरा.

बाकी फुटकळ. पार्किंग रात्री मोकळं, सकाळी सातनंतर विसरा. बाथरूम एकच आणि कडी नाही, कुणाला तरी बाहेर उभं करा. पाणी थंड आणि चांगलं. चहा गेटबाहेरचा घ्या, कँटीनचा नको. पेशंटच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, आम्हाला आण्णांच्या गोळ्यांची नावं सांगता येईनात, आई "ती गुलाबी आणि ती अर्धी पांढरी" सांगत होती. महात्मा फुले योजनेत बसणार असाल तर रेशन कार्ड बरोबर ठेवा, आरोग्यमित्राचं टेबल मेन गेटच्या आत डावीकडं. आणि माणसं दोन न्या, क्रूझर नको.

माझा चार्जर चार नंबरच्या खाटेमागच्या बोर्डाला राहिला. पांढरा, वायर जरा उसवलेली आहे पण चालतो. कुणाला मिळाला असेल तर तिथंच लावून ठेवा, रात्री लागतो.